पदार्थ तोच, की दुसरा?

पदार्थांत होणाऱ्या बदलांचे भौतिक आणि रासायनिक असे दोन वर्ग शाळेत शिकवले जातात, तेव्हा ते ओळखण्याची एक सोपी खूणही सांगितली जाते : जो बदल उलटवता येतो तो भौतिक आणि जो उलटवता येत नाही तो रासायनिक. बर्फाचे पाणी होते आणि त्या पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, लाकूड जळते आणि राखेचे पुन्हा लाकूड होत नाही, एवढ्या दोन उदाहरणांपुरती ही खूण बिनचूक ठरते. मात्र तिसऱ्या-चौथ्या उदाहरणापाशी ती दगा देते, कारण उलटवता येणे किंवा न येणे हे बऱ्याचदा हाताशी असलेल्या साधनांवर आणि वेळेवर अवलंबून असते, पदार्थाच्या स्वरूपावर नव्हे. खरी कसोटी एवढीच की, बदल होऊन गेल्यावर मूळचे रेणू तसेच राहिले, की त्यांतील अणूंची जुळणी मोडून निराळे रेणू तयार झाले. गुणधर्मांची विभागणीही याच कसोटीवर उभी आहे. रंग, घनता, कठीणपणा, उत्कलनबिंदू, विद्राव्यता हे भौतिक गुणधर्म पदार्थाला न बदलता तपासता येतात. ज्वलनशीलता, गंजणे, आम्लात विरघळून वायू सोडणे असे रासायनिक गुणधर्म मात्र पदार्थ पणाला लावल्याशिवाय, म्हणजे त्याचा दुसरा पदार्थ होऊ दिल्याशिवाय, कळतच नाहीत.

ही कसोटी प्रयोगशाळेबाहेर लावून पाहायची तर पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके सोयीचे आहेत. पश्चिमेला समुद्र आणि मच्छीमारांची गावे, मध्ये चिकूच्या वाड्या, पूर्वेला वारली पाड्यांचा डोंगराळ मुलूख, आणि डहाणूच्या खाडीवर कोळशावर चालणारे वीजकेंद्र, अशी येथील रचना आहे. या पट्ट्यात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंत शालेय खूण जेथे जेथे चुकते, ती ठिकाणे तिच्या बिनचूक उदाहरणांपेक्षा अधिक शिकवणारी आहेत.

वारली घराच्या कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक, यांत रसायनशास्त्राच्या अर्थाने जवळजवळ काहीच घडत नाही. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो भिंतीवर बसल्यावरही तेच ऑक्साइड राहतो. तांदूळ वाटून पाण्यात कालवला जातो, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने तो भिंतीवर उतरतो, पाणी उडून जाते आणि पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, बारीक कण मागे उरतात. स्टार्चमध्ये पांढरे रंगद्रव्य असे काही नसते. त्याचे सूक्ष्म कण सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात विखुरतात, म्हणून रेघ पांढरी दिसते. रेघ ओली असताना फिकट, पारदर्शक वाटते आणि वाळल्यावर उजळते, त्याचेही कारण हेच आहे. कणांच्या मधल्या फटींत पाणी असते तोवर प्रकाश त्यातून सरळ पुढे जातो, आणि त्या फटींत हवा शिरली की तो जास्त विखुरतो. असे चित्र पावसाच्या पाण्याने धुपते, कारण कणांना भिंतीशी जोडणारे पक्के असे काही तयार झालेलेच नसते.

त्याच भिंतीला चुना लावला तर गोष्ट वेगळी होते. भट्टीतली कळी, म्हणजे भाजलेली चुनखडी, पाण्यात विरवली की भरपूर उष्णता बाहेर पडून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. हा चुना भिंतीवर वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्यापासून कळी भाजून काढली तोच चुनखडीचा दगड, पुन्हा भिंतीवर तयार होतो. येथे भट्टीतले भाजणे धरून तीन रासायनिक बदल एकामागून एक घडून पदार्थ आपल्या मूळ रूपात परतला आहे, म्हणजे रासायनिक बदल उलटवता येत नाही या समजुतीला हे सरळ उत्तर आहे.

याच्या उलट उदाहरणही वारली चित्रांतच सापडते. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली (२०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली), आणि चित्र विकले जाऊ लागल्यावर ते टिकणेही गरजेचे झाल्याने पिठात डिंक आला आणि अनेकांच्या हाती ॲक्रिलिक रंगही आले. ॲक्रिलिक रंगात बहुवारिकाचे, म्हणजे लहान घटक जोडून झालेल्या लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचे, अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की हे गोळे एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंतून अखंड पापुद्रा तयार होतो, जो नंतर कितीही पाणी ओतले तरी विरघळत नाही. बदल पक्का आणि न उलटणारा असला तरी एकही नवा रेणू जन्मलेला नाही, त्यामुळे कसोटी लावली तर हा बदल भौतिकच ठरतो. भाताचेही काहीसे असेच आहे. तांदळातील स्टार्चचे कण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची आतली सुबक रचना कायमची विस्कटते, परंतु साखळ्या मुख्यतः अखंड राहतात. पाठ्यपुस्तके भात शिजणे बिनदिक्कत रासायनिक बदलांत घालतात, पण तो निर्णय दिसतो तितका सरळ नाही.

डहाणू तालुक्यातले चिंचणी हे गाव दागिन्यांच्या ठशांसाठी, म्हणजे तेथील लोकांच्या तोंडच्या ‘डायमेकिंग’साठी प्रसिद्ध आहे, आणि या एका धंद्यात धातूंचे भौतिक गुणधर्म कामी आलेले दिसतात. सोन्याचा पत्रा पोलादी ठशावर दाबला की नक्षी उमटते ती सोन्याच्या वर्धनीयतेमुळे, म्हणजे न तुटता पसरण्याच्या गुणामुळे. एक ग्रॅम सोने ठोकून एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतके पातळ केले तर त्याचा सुमारे अर्धा चौरस मीटर वर्ख होतो आणि तरीही ते सोनेच असते. ठशाचे पोलाद मात्र उलट गुणाचे, घट्ट आणि न दबणारे लागते. पोलाद कठीण करण्याची रीत अशी की ते लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम गार करायचे. तापलेल्या अवस्थेत लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलून तिच्यात कार्बनचे अणू सामावतात, आणि अचानक गारठल्यामुळे त्यांना बाहेर पडायला अवधी न मिळाल्याने ते आतच अडकून सगळी जाळी ताणलेली राहते. अणू तेच, त्यांचे प्रमाण तेच, फक्त मांडणी निराळी, आणि एवढ्याने पोलादाचा कठीणपणा कितीतरी पटींनी वाढतो. सराफ सोने पारखताना मात्र रासायनिक गुणधर्माचा आधार घेतो. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब पडला की तांबे आणि चांदी विरघळतात आणि सोने जागचे हलत नाही.

धातूंच्या बाबतीत निर्णय तुलनेने झटपट होतो, कारण धातू स्वतःहून फारसे बदलत नाहीत. झाडाचा रस, फळ आणि मासा मात्र सतत बदलत राहतात. तेथे बदल घडवणे हे काम नसून तो हवा तेथे थांबवणे हे काम असते, आणि येथील कितीतरी कौशल्ये या एका गोष्टीभोवती उभी आहेत.

ताड आणि शिंदी या झाडांपासून मिळणारा रस पहाटे मडक्यातून उतरवला जातो तेव्हा तो निव्वळ गोड असतो. त्यात साधारण १० ते १४ टक्के साखर, तीही मुख्यतः उसात असते तीच सुक्रोज, असते. हीच नीरा. परंतु मडक्याच्या अंगाला आधीच्या रसाचे अवशेष चिकटलेले असतात आणि झाडाच्या छाटलेल्या टोकावर व हवेत यीस्टच्या पेशी असतातच, त्यामुळे रस ठिबकू लागतो त्या क्षणापासून किण्वन, म्हणजे आंबणे, सुरू होते. यीस्ट हे एकपेशीय कवक आधी सुक्रोजचा रेणू पाण्याच्या मदतीने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन लहान साखरांत फोडते आणि मग त्यांचे इथिल अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. हिशेबाने ३४२ ग्रॅम सुक्रोजला १८ ग्रॅम पाणी मिळून १८४ ग्रॅम अल्कोहोल आणि १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होते, म्हणजे साखरेचे जवळजवळ निम्मे वजन फेसातून हवेत निघून जाते. उतरवलेल्या ताडीवरचा फेस हा त्या वायूचाच असतो. दुपार होईपर्यंत रसाची ताडी झालेली असते आणि तिच्यात चार-पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल चढते. ती तशीच ठेवली तर जीवाणू हवेतील ऑक्सिजन वापरून त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आंबट द्रव्य, करतात. नीरा, ताडी आणि शिरका हे एकाच मडक्यातील तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा हा खरा रासायनिक बदल आहे.

नीरा नीराच ठेवायची तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे रस अल्कधर्मी होतो, आणि यीस्टला व साखर फोडणाऱ्या त्याच्या विकराला, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाला, ते वातावरण मानवत नाही. एका रासायनिक गुणधर्माने दुसरा रासायनिक बदल असा रोखून धरला जातो. नीरेचा ताडगूळ करताना मिसळलेला चुना आधी काढून टाकावा लागतो आणि मग रस आटवला जातो. पाणी उडणे हा त्यातला भौतिक भाग, पण कढईत चढत जाणारा तपकिरी रंग आणि खमंग वास साखर व अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रियांचा असतो, त्यामुळे एकाच कढईत दोन्ही बदल एकाच वेळी चालू असतात. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे डहाणूतील प्रशिक्षण केंद्र ताडगुळाच्या प्रसारासाठी काम केलेल्या गजानन नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, एवढी या विषयाची येथे मुळे रुजलेली आहेत.

अशाच किण्वनातून होणाऱ्या मोहाच्या दारूविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो असा की दारू भट्टीत ‘तयार’ होते. मोहाची फुले साखरेने भरलेली असतात. ती भिजवून आंबवली जातात तेव्हाच अल्कोहोल जन्माला येते. भट्टीवर होते ते ऊर्ध्वपातन, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ गार करून वेगळी जमवणे, आणि ते निव्वळ भौतिक काम आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, म्हणून वाफेत अल्कोहोलचे प्रमाण अधिक असते. असे कितीही वेळा केले तरी ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण त्या प्रमाणाला वाफ आणि द्रव यांची घडण सारखीच होते. आंबवणात एखादे विषारी द्रव्य असेल, तर भट्टी तेही वाफेबरोबर पुढे पाठवू शकते. ऊर्ध्वपातनाने द्रव्ये वेगळी होतात, त्यांचे विष उतरत नाही.

चिकूच्या बाबतीत बदल थांबवण्याचे कौशल्य आणखी नाजूक होते. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड १९व्या शतकाच्या अखेरीस घोलवडच्या परिसरात पारशी आणि इराणी बागायतदारांच्या वाड्यांत रुजले, कालीपत्ती ही जात येथे पसरली, आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. चिकू झाडावर पिकवून उतरवत नाहीत. तो तयार झाला की काढतात आणि मग पिकू देतात. तयार फळाची खूण अशी की सालीवरचा तपकिरी कोंडा सहज निघतो आणि नखाने ओरखडले तर खाली हिरवा नव्हे, पिवळसर रंग दिसतो व चीक थोडाच येतो. कच्च्या चिकूला तुरट चव येते ती टॅनिन या द्रव्यांमुळे. त्यांचे विरघळलेले रेणू लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात आणि जिभेला कोरडेपणा जाणवतो. फळ पिकताना हेच टॅनिन एकमेकांना जोडले जाऊन मोठे, न विरघळणारे रेणू बनतात, म्हणून तुरटपणा जातो. ते नाहीसे झालेले नसतात, फक्त जिभेच्या हाती लागत नाहीत. त्याच वेळी पेशींच्या भिंतींना बांधून ठेवणारे पेक्टिन विकरांमुळे तुटते आणि गर मऊ पडतो. बोटाने दाबून कळणारा मऊपणा हा भौतिक गुणधर्म आहे, पण त्यामागचे कारण रासायनिक आहे.

या साऱ्याला सुरुवात करून देणारा वायू म्हणजे इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा लहानसा रेणू फळ स्वतःच सोडते आणि तो जवळच्या फळांनाही पिकण्याचा इशारा देतो. म्हणून पेटीतला एक पिकलेला चिकू साऱ्या पेटीला घाई करतो. कॅल्शियम कार्बाइडची पूड वापरून फळ पिकवण्याच्या बेकायदा पद्धतीत पाण्याच्या ओलाव्याने ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो, परंतु त्यासोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसची घातक संयुगेही येऊ शकतात.

मग फळ थंड करून ठेवले तर? तापमान उतरले की रासायनिक अभिक्रियांचा वेग मंदावतो. दहा अंशांच्या फरकाने तो साधारण निम्मा किंवा दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. पण चिकू दहा अंशांच्या खाली फार दिवस राहिला, तर बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाही, कडक आणि बेचव राहतो. त्याच्या पेशींची पातळ आवरणे स्निग्ध द्रव्यांची असतात, ती उष्ण कटिबंधातील झाडात गरम हवेसाठी घडलेली असतात, आणि थंडीत ती प्रवाही अवस्थेतून घट्ट होऊ लागतात, जसे हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते. तेल पुन्हा पातळ होते; आवरणांतून गळती लागलेली पेशी मात्र सावरत नाही. निव्वळ भौतिक बदलाने येथे रासायनिक बदलांचा सारा क्रमच बिघडवला आहे, त्यामुळे घोलवडचा माल दूरच्या बाजारात नेणाऱ्याला बर्फ हा पूर्ण भरवशाचा साथीदार नाही.

बोंबलाच्या बाबतीत सारे पाण्यावर अवलंबून असते. ताज्या बोंबलात सुमारे नव्वद टक्के पाणी असते, इतके की तो हातात धरला तर लिबलिबतो. समुद्रातील इतर अनेक माशांप्रमाणे त्याच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हे वास नसलेले द्रव्य असते. मासा मेल्यावर जीवाणू त्यातील ऑक्सिजन काढून घेतात आणि उरते ते ट्रायमिथिलअमाइन, म्हणजे ज्याला लोक माशाचा वास म्हणतात त्याचा मोठा भाग. हा रासायनिक बदल जीवाणूंना पाणी मिळाल्याशिवाय होत नाही, म्हणून धाकटी डहाणूसारख्या गावांत बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगून उन्हावाऱ्यात सुकवतात. पाणी पुरते उतरले की जीवाणूंची वाढ थांबते आणि मासा महिनोनमहिने राहतो. मीठ लावण्याचा परिणामही असाच होतो, फरक एवढाच की मीठ पाणी बाहेर खेचते आणि उरलेले पाणी जीवाणूंच्या उपयोगी पडू देत नाही. पण सुकवल्याने सगळे थांबत नाही. माशातील तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत राहते, त्याला पाण्याची गरज नसते, आणि जुना सुका बोंबील पिवळा पडून खवट होतो तो त्यामुळे. सुकत घातलेल्या माशावर अवेळी पाऊस आला तर नुकसान होते, कारण पाणी परत मिळताच थांबलेले काम जीवाणू लगेच पुढे चालू करतात.

याच किनाऱ्यावर डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र १९९५-९६ पासून चालते. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आणि सुमारे २७५ मीटर उंचीचे धुराडे. कोळशातून निघणारी राख आणि वायू यांना अडवण्याचे मार्ग पाहिले तर भौतिक आणि रासायनिक हा भेद अभियंत्यांसाठी किती कामाचा आहे हे कळते. राखेचे कण घन असतात, म्हणून त्यांना विद्युतभार देऊन विरुद्ध भाराच्या पत्र्यांकडे ओढता येते आणि पत्रे झटकून राख खाली पाडता येते. यात राखेचे काहीच बदलत नाही. सल्फर डायऑक्साइड हा वायू अशा रीतीने हाती लागत नाही. कोळशात अवघा अर्धा टक्का गंधक असले तरी १०० किलो कोळशामागे साधारण एक किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो, कारण गंधकाच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटून वजन दुप्पट होते. हवेच्या आर्द्रतेत त्याचे आम्ल बनते आणि पानांना इजा होते, ही बागायतदारांची चिंता होती. केंद्र शासनाने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, त्याने १९९९ मध्ये गंधक अडवणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला, आणि ती २००७ मध्ये सुरू झाली.

ही यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते. धूर पाण्याच्या फवाऱ्यातून जाताना वायू त्यात विरघळतो, आणि समुद्राच्या पाण्यात निसर्गतःच असलेले बायकार्बोनेट तयार झालेल्या आम्लाला उदासीन करते. एवढ्यावर काम संपत नाही, कारण विरघळलेल्या वायूपासून पाण्यात उरलेले सल्फाइट पाण्यातील ऑक्सिजन खाऊन टाकते आणि तसे पाणी खाडीत सोडले तर मासे गुदमरतील. म्हणून त्या पाण्यात हवा फुंकली जाते, ऑक्सिजन मिळून सल्फाइटचे सल्फेट होते, आणि सल्फेट समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यात आधीपासूनच सुमारे २.७ ग्रॅम असल्याने वाढलेला भाग तुलनेने नगण्य ठरतो. या व्यवहारात सल्फर डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मात्र सुटतात, ६४ ग्रॅमला ८८ ग्रॅम. कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हे प्रमाण फार लहान असते.